तिठ्यावरचं पान

आयेने तव्यात मिरच्या टाकल्या आणि मी सवयीने जुईचं तोंड ओढणीने झाकलं.

"झाकू नको," आये म्हणाली. "बघूया."

विजेच्या शेगडीचं वेटोळं लालभडक झालं होतं. मोहरी तडतडली, मीठ फुटफुटलं, मिरच्या काळ्या पडून वाकड्या झाल्या. धूर निघाला, पण ठसका काही येईना. छतावर धुराचा भोंगा होता. साधा पापड भाजला तरी तो बोंबलायचा. तोसुद्धा गप्प.

"मिरच्या जुन्या असतील गं," मी म्हटलं.

"जुन्या? कालच ह्याच मिरच्यांची फोडणी दिली तेव्हा तुझो घोव खोकत खोकत भायर पळालो. विसारलंस?" तिने तवा माझ्या नाकाखाली धरला. कसलाच वास नव्हता. मिरचीचाही नाही, जळक्याचाही नाही. "दिष्ट लागली आसा. बरीच लागली आसा."

जुई माझ्या मांडीवर होती. दिवस कलला की तिचं रडणं सुरू व्हायचं. मोठ्याने नाही. मोठ्याने रडायला अंगात जोर लागतो. मांजराच्या पिल्लासारखी ती बारीक कुरकुरायची आणि डाव्या हाताच्या मुठीने डावा कान चोळत राहायची. तिथली कातडी लाल झाली होती. तिच्या वयाची पोरं बसायला लागली होती, ही मान धरता धरता दमायची. दूध प्यायची, वरण-भात चाटायची, आणि ते सगळं कुठे जायचं कुणास ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. दर वेळी त्या कागद उलटसुलट करत म्हणायच्या, "सगळं नॉर्मल आहे. कारण सापडत नाही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी मोठ्या इस्पितळाचं नाव सुचवलं.

आयेला कारण सापडलं होतं. ते आमच्याच दिवाणखान्यात, भिंतीवर चौकटीत लटकत होतं.

माझा नवरा हृषी हेरन्स संघाचा फिजिओ होता. अमेरिकन फुटबॉलचा संघ, सरोवराकाठच्या त्या थंड शहराचा जीव की प्राण. जुई जन्मली त्याच आठवड्यात हेरन्स अजिंक्य ठरले. विजयाची मिरवणूक इस्पितळावरूनच गेली. मिरवणूक थांबवून चार-दोन खेळाडू वर आले. त्यातल्या अमोस नावाच्या लालदाढीवाल्या राक्षसाने एका हातात तो चांदीचा करंडक धरला, दुसऱ्या तळव्यावर जुईला घेतलं, आणि कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पेपरच्या पहिल्या पानावर. मग दुकानांच्या काचांवर, बसच्या पाठीवर. 'आमची छोटी विजेती'. सगळ्या शहराने माझ्या लेकीला डोळे भरून पाहिलं. आम्हालाही अप्रूप वाटलं, खोटं कशाला बोलू?

कुडाळहून आल्या आल्या आयेने चपला काढायच्या आधी तो फोटो पाहिला. "पाचवी पुजायच्या आधी चेडवाक गावाच्या नजरेखाली घातलात?" एवढंच म्हणाली आणि फोटो उलटा करून ठेवला. हृषीने हसत तो पुन्हा सुलटा केला.

त्या संध्याकाळी जळलेल्या मिरच्या तिने मेपलच्या रुंद पानावर काढल्या. वर दहीभाताची मूठ, लिंबाची फोड. "हय तिठो खंय आसा गो?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तीन रस्ते मिळायचे. एक आमचा, एक शहराकडून येणारा, आणि तिसरा समोरच्या मोठ्या फाटकातून आत जाणारा. ते फाटक हेरन्सच्या सराव-मैदानाचं. हृषीला कामावर चालत जाता यावं म्हणून तर आम्ही ते घर घेतलं होतं. आये पदर खोचून गेली, पान ठेवलं, मागे वळून न बघता परत आली. आमच्या गावची रीतच तशी. तिठ्यावर ठेवायचं, मागे बघायचं नाही, आणि दुसऱ्याने ठेवलेलं असेल तर चुकूनही ओलांडायचं नाही. अमेरिकेत कुणाला ठाऊक असणार, काय ओलांडू नये ते?

हे मला तेव्हा सुचलं नाही. आयेलाही सुचलं नव्हतं, असं मी अजून धरून चालते.

आये रोज तिन्हीसांजेला पान ठेवू लागली. आणि जुई, देवाशपथ, सुधारायला लागली. आधी गालांवर थोडा रंग आला. मग मान ठरली. मग एके सकाळी ती उशीला टेकून बसली आणि आपण बसलोय याचंच तिला इतकं हसू आलं, की ती कलंडली. डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा दोनदा तपासला.

त्याच सुमारास मोसम सुरू झाला आणि हेरन्स हरले.

पहिल्या पराभवाकडे कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वेळी लोक पंचांना शिव्या घालत होते. नंतर नंतर मात्र शहर गप्प झालं. गॅरेजांवरचे झेंडे उतरले. दुकानात निळे-पांढरे केक अर्ध्या किमतीला पडून राहिले. आणि हरणंसुद्धा सरळ नव्हतं. हातात आलेला चेंडू तेल लावल्यासारखा निसटायचा. मोकळ्या मैदानात धावणारा माणूस, जवळपास कुणी नसताना, आपल्याच पायात अडकून पडायचा.

"काय केलानी आज तुझ्या बगळ्यांनी?" आये हृषीला विचारायची. हेरन म्हणजे बगळा, हे त्याने सांगितल्यापासून संघाला ती बगळेच म्हणायची.

"हरले, आई."

"अरे देवा. मासे मिळणत नाय वाटता."

सुरुवातीला हृषी हसायचा. मग हसेनासा झाला. संघ हरत राहिला की आधी प्रशिक्षक जातो आणि जाताना आपली माणसं घेऊन जातो. आमचा व्हिसा त्याच्या नोकरीला टांगलेला होता. पण त्याला नोकरीपेक्षा वेगळंच काहीतरी खात होतं. एकदा जेवता जेवता त्याचा घास हातातच राहिला.

"अमोसचं काही कळत नाही," तो म्हणाला. "विजारी ढिल्या पडल्यात. खातो चौघांचं, अंगी लागत नाही. सगळे स्कॅन केले, रक्त तपासलं. कारण सापडत नाही."

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. हे शब्द मी आधी ऐकले होते, ह्याच क्रमाने.

"त्यामुळेच संघ हरतोय का?"

"तो डावीकडची भिंत आहे गं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, उजवीकडे तोंड करून उभा असतो. डावीकडून, पाठीमागून कोण अंगावर येतंय ते त्याला दिसतच नाही. ते अडवायचं काम अमोसचं. भिंत पडली की घर पडणारच." त्याने पाण्याचा घोट घेतला. "आणि एक सवय लागलीय त्याला. संध्याकाळ झाली की गप्प बसून डावा कान चोळत राहतो. कातडी निघालीय पार. मी विचारलं तर म्हणतो, कुठे चोळतोय?"

आये भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. पण तिने वळून पाहिलंही नाही. मी जुईकडे बघितलं. ती गाजराचा तुकडा चघळत होती, दोन्ही हातांनी. कितीतरी दिवसांत तिने कानाला हात लावलेला नव्हता. आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आये पान घेऊन निघाली तशी मी जुईला बाबागाडीत घालून थोडं अंतर ठेवून मागे गेले. सराव संपून फाटकातून गाड्या बाहेर पडत होत्या. आयेने वाकून पान ठेवलं आणि मान खाली घालून आमच्याच बाजूने परत आली. मी कुंपणाच्या झाडीआड सरकले. ती मला न बघता पुढे गेली.

रस्त्याच्या कडेला एक जुनाट ट्रक उभा होता. त्याचं दार उघडलं. अमोस उतरला. शेवटचं पाहिलं तेव्हा त्याने आख्खं दार व्यापलं होतं. आता जाकीट त्याच्या खांद्यांवर गोधडी वाळत घातल्यासारखं लोंबत होतं. तो सरळ तिठ्यावर आला, पानासमोर थांबला, आणि मंदिरात शिरताना काढावा तसा त्याने उजवा बूट काढला. मोजाही. मग अनवाणी पाय त्या पानावर ठेवला. हळूच, कुणी झोपलंय असं समजून. डोळे मिटून तो तसाच उभा राहिला.

एक गाडी त्याला वळसा घालून गेली. भोंगासुद्धा वाजवला नाही.

"अमोस!"

त्याने डोळे उघडले. दचकला नाही. माझ्याकडे नाही, बाबागाडीकडे पाहिलं. "झोपते का ती आता?"

"काय करताय तुम्ही हे?"

"झोपते का?"

"झोपते," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत तरी आहे का ते काय आहे?"

"तुमच्याकडे काय म्हणतात ते नाही माहीत." तो ट्रकच्या पायरीवर बसून मोजा चढवू लागला. वाकताना धाप लागत होती. "मी केंटकीच्या डोंगरातला. आमच्याकडे पिशवीत खडे घालतात. दुखणाऱ्या जागेवरून फिरवायचे आणि चौरस्त्यावर ठेवायची पिशवी. जो उचलेल, त्याच्याकडे दुखणं जातं. तुमची आई पहिल्या दिवशी पान ठेवून मागे न बघता गेली ना, तिच्या चालण्यावरूनच ओळखलं मी. माझी आजी अशीच चालायची."

"मग ओलांडायचं कशाला? बाजूने जायचं."

"सगळे बाजूनेच जातात." त्याची मूठ कानाकडे गेली. गोल गोल फिरू लागली. "माझी धाकटी बहीण होती. तुमच्या मुलीएवढीच. आजीने पिशवी ठेवली. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं ती कुणाची. रोज जाऊन बघायचो आम्ही, पिशवी तिथल्या तिथे. लोक गवतातून वाट काढून जायचे, पण तिला हात लावायचे नाहीत. आई मलाही हात धरून बाजूने न्यायची." त्याने बुटाची नाडी आवळली. "पाऊस पडून पिशवी कुजली तिथेच. बहीण त्याआधीच गेली होती."

जुईने गाडीतून त्याच्याकडे पाहून हुंकार दिला. तो हसला. दाढीतसुद्धा गालफडं दिसत होती.

"हे बंद करा," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडते. मी आईला सांगते, ती नाही ठेवणार."

"तुमची मुलगी मला हातावर घ्यायला लावली, तेव्हा ती एवढीशी होती," तो तळवा पुढे करून म्हणाला. "माझ्या डाव्या हातावर. डावीकडून येतं ते माझं. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

घरी येऊन मी आयेला सगळं सांगितलं. ती पाटावर बसली होती, तिने मिरच्यांचं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "मी कोणाचा वायट चितलंय नाय गो."

"मला ठाऊक आहे."

"उद्यापासून नको."

दुसऱ्या संध्याकाळी तवा चढला नाही. दिवेलागण झाली, आणि जुईने कुरकुर सुरू केली. आधी बारीक. मग तीच, मांजराच्या पिल्लासारखी. तिची डावी मूठ वर गेली तेव्हा मी ती धरून ठेवली. आये तिला खांद्यावर टाकून स्वयंपाकघर ते दिवाणखाना फेऱ्या मारत होती, आणि तोंडाने रवळनाथाला काहीबाही सांगत होती. हृषी संघाबरोबर दुसऱ्या गावी गेलेला. अमोसला अशक्तपणामुळे ह्या वेळी नेलं नव्हतं.

दार वाजलं.

तो उंबऱ्याबाहेर उभा होता, चौकटीखाली मान वाकवून. "आज काही ठेवलं नाहीत," तो म्हणाला. जणू दूधवाला आला नाही, असं सांगत होता.

आये जुईला घेऊन पुढे आली. दोघं एकमेकांना पहिल्यांदाच समोरासमोर बघत होती. ती त्याच्या कमरेच्या वर जेमतेम.

"तेका इचार," ती मला म्हणाली, "घरात कोण आसा तेच्या?"

मी विचारलं. "आई आहे," तो म्हणाला. "कोंबड्या पाळते. रविवारी मॅच बघते आणि मला फोन करून ओरडते."

मी सांगितलं. आयेने मान हलवली. "आवस जिती आसा तर माझो हात पुढे कसो जातलो? सांग तेका."

मी सांगितलं. आयेच्या खांद्यावर जुईचा आवाज बसत चालला होता, श्वासाश्वासाला अडकत होता. "त्यांना म्हणावं," अमोस म्हणाला, "त्या देत नाहीयेत. मी मागतोय."

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. आयेला मात्र आधीच कळलं असावं. तिने जुईला माझ्याकडे दिलं, आत गेली. मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आली, जुईवरून उतरवलं. ह्या वेळी तवाही नाही, पानही नाही. त्याने डावा तळवा पसरला. आयेने मूठ त्याच्यावर धरली आणि किती तरी वेळ उघडलीच नाही. मग उघडली. तो निघाला तेव्हा वळून न बघता गेला. रीत त्यालाही माहीत होती.

जुई माझ्या खांद्यावर झोपली होती.

मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. अर्धी आसनं रिकामी. अमोस हट्टाने उतरला होता. आये टीव्हीकडे पाठ करून दृष्ट काढत होती, सवयीने. आता ती जळकं सरोवरात टाकायची. तव्यात मिरच्या पडल्या. त्याच क्षणी पडद्यावर अमोस खाली बसला. कुणी धडकलं नव्हतं, कुणी जवळही नव्हतं. भर मैदानात तो गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. हृषी पेटी घेऊन धावत आत जाताना दिसला.

आणि मला ठसका लागला.

असा ठसका, की डोळ्यांतून पाणी. आये खोकायला लागली. जुई शिंकली, पुन्हा शिंकली, आणि संतापून असं भोकाड पसरलं तिने, पोटातून, जोरकस, की तसलं रडणं त्या घराने ऐकलंच नव्हतं. छतावरचा भोंगा बोंबलू लागला. आये पदराने डोळे पुसत होती, हसत होती, रडत होती. "लागलो! ठसको लागलो!" मग तिची नजर पडद्यावर गेली आणि ती हसायची थांबली.

अमोसचा गुडघा कायमचा गेला होता. प्रशिक्षकही गेला. हृषीची नोकरी राहिली, का ते कुणाला कळलं नाही.

गावी जाण्याआधी अमोस कुबड्यांवर निरोपाला आला. आईने पाठवलेली काकवीची बरणी घेऊन. बाहेर बर्फ साचलं होतं. आयेने त्याला खुर्चीत नाही, जमिनीवर बसवलं, म्हणजे तिचा हात डोक्यापर्यंत पोचेल. त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरवली. जुई रांगत रांगत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या दाढीला धरून उभी राहिली आणि त्याच्या सोललेल्या डाव्या कानाला तिने बोट लावलं. तो हलला नाही.

तव्यात मिरच्या काळ्या झाल्या. ठसका आला नाही.

तो गेल्यावर आयेने पुस्तकात दाबून ठेवलेलं मेपलचं एक सुकं पान काढलं. गावी दाखवायला म्हणून जपलं होतं तिने. त्यावर ते जळकं काढलं, हृषीचे बर्फातले बूट पायांत चढवले, आणि बाहेर पडली.

"सरोवर इकडे आहे, आये!"

ती तिठ्याकडे चालली होती. मी जुईला कडेवर घेऊन खिडकीशी आले. पांढऱ्या रस्त्यावर तिचं हिरवं पातळ. तिने वाकून पान ठेवलं, सरळ झाली, आणि मागे फिरली नाही. उजवा बूट काढला. मी काच बडवली. तिने पाऊल उचललं आणि पानावर ठेवलं, हळूच, कुणी झोपलंय असं समजून.

परत आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. "पाणी तापव. पाय गार पडलो."

"काय केलंस हे? काय केलंस?"

"तेची आवस जिती आसा," ती खुर्चीत बसत म्हणाली. "माझी खंय आसा?"

"मी आहे ना!"

तिने जुईकडे पाहिलं. "तुका चेडू आसा."

जुई आता दुसरीत आहे, दणकट, भांडकुदळ. अमोस त्याच्या डोंगरातल्या शाळेत पोरांना खेळ शिकवतो. हृषी सांगतो, पोट सुटलंय त्याचं. दर रविवारी आम्ही कुडाळला व्हिडिओ कॉल करतो. आये पडवीत बसलेली असते. मागे दिवेलागण झालेली. ती जुईला शाळेचं विचारते, बगळ्यांचं विचारते. आताशा फार बारीक दिसते. तिथल्या डॉक्टरांना कारण सापडत नाही.

"आये," मी विचारते, "कान दुखतो काय गो?"

"नाय गो बाय," ती म्हणते. "कोण चोळता कान?"

आणि तिची डावी मूठ पडद्याच्या कोपऱ्यात गोल गोल फिरत राहते.